आप्पा, आधी तुम्ही सोडा

आप्पा, माझ्याआधी आमच्या घरात दोन लेकरं झाली आणि दोन्ही गेली. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची, बाबा त्याच वखारीत पोती उचलायचे, आणि आमचं घर म्हणजे वखारीच्या मागची पत्र्याची खोली. आईच्या पदराला, बाबांच्या बनियनला, माठातल्या पाण्यालासुद्धा खकाण्याचा वास यायचा असं आई सांगते. तंबाखूची ती बारीक धूळ तान्ह्या पोरांच्या छातीत काय करत असेल, हे आज मी, बी.एस्सी. झालेला माणूस, सांगू शकतो. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा गल्लीतल्या बायका एवढंच सांगायच्या, की सुमन, तुझ्या पोरांवर कुणाची तरी नजर हाय. पुढचं पोर झालं की ते दुसऱ्याला देऊन टाक आणि मग त्याच्याकडून मागून घे. तुझं न्हाईच म्हटल्यावर त्याच्याकडं कोण कशाला बघंल?

शेजारपाजारी हे सर्रास चालायचं. पण आपण पडलो मंडळीची, चर्चची माणसं. आपल्यात असलं चालत नाही. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी आईला समोर बसवून प्रार्थनाच केली असती, आणि ती लवकर संपली नसती. म्हणून मी झाल्यावर आई तुमच्या घरी आली, तुमच्या कारभारणीच्या, आक्काच्या पुढं बसून रडली, आणि आक्कानं तुम्हाला सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "एवढंच न्हवं? हंगामाचा सण येतोय की."

तुमचं डोकं असं चालायचं. एस.टी.चे कंडक्टर, मंडळीचे पंच, आणि आवाज असा की बस कोगनोळीच्या नाक्यावर उभी असली तरी कागलच्या माणसाला ऐकू जावा. त्यामुळं सणाच्या दिवशी लिलाव पुकारायचं काम कायम तुमच्याकडं. लोक वेदीपुढं शेतातलं पहिलं पीक आणून ठेवायचे. उसाची मोळी, मक्याची कणसं, गुळाची ढेप, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की सगळं अंगणात यायचं, तुम्ही एकेक वस्तू हातात धरून बोली लावायचात, आणि जे येईल ते मंडळीच्या कामाला. त्या वर्षी भोपळ्यांच्या शेजारी एका सुपात मला ठेवलं. पाळकसाहेबांना वाटलं, काय हा विश्वास, गरिबानं पोटचा गोळा देवाला वाहिला. त्यांचे डोळे भरून आले. गल्लीतल्या बायकांचा तोडगा देवळात मागच्या दारानं शिरलाय, हे तुम्ही, आक्का, आई आणि बाबा एवढ्यांनाच माहीत.

ठरलं होतं ते सोपं होतं. माझी पाळी आली की तुम्ही स्वतःच एक नारळ बोलायचा. त्यावर बाबांनी दोन नारळ म्हणायचं. एक बार, दोन बार, तीन बार, आणि मी बाबांच्या कडेवर घरी.

तुम्ही नारळ बोललात. बाबा गप्प.

तुम्ही "एक बार" म्हणालात. बाबा जमिनीकडं बघत उभे. तुम्ही खाकरलात, डोळ्यांनी खुणावलंत, म्हणे पायानं त्यांच्या दिशेनं मातीसुद्धा उडवलीत. "दोन बार." बाबा तसेच. आणि मग तुम्ही "तीन बार" म्हणालात.

नंतर बाबांनी आईला कारण सांगितलं. "देवापुढं ठेवलेलं पोर. त्याच्यावर आपणच कशी बोली लावायची? ते काय भोपळा हाय?" पोती उचलणाऱ्या माझ्या बाबांना ऐन वेळी सगळं खरंच वाटलं होतं. आई रडायला लागली, अंगण हसायला लागलं, आणि तुम्ही मला सुपातून उचलून आईच्या हातात देत म्हणालात, "गप गं सुमन. सांभाळायला देतोय. माल माझा हाय."

त्या दिवसापासून मी मंडळीत भोपळ्या झालो. विनय हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर.

आप्पा, तुमच्या घरात मूल नव्हतं. हे वाक्य मी तुम्ही असताना कधी लिहिलं नसतं. आई मला तुमच्या घरी एकटं सोडायची नाही, हे तुम्हाला कळत होतं का? तुम्ही खाऊ घेऊन यायचात तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसायची. ती म्हणते, "दोन बार झाल्यावर आप्पा थांबलंच न्हाईत, झटक्यात तीन म्हणालं." तुम्ही म्हणायचात, "थांबलो की! थांबून थांबून कोंबड्यांनी माना टाकल्या." मी दोघांचं ऐकत मोठा झालो. परवा आक्काला विचारलं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, "मी कोंबड्या धरून बसले हुते बाबा. मला काय ठावं?"

आता विचारायला तुम्ही उरला नाहीत. हे मला सहन होत नाही. खोलीत बसवत नाही, उठून गॅलरीत जातो, गॅलरीतून परत येतो.

पण खोटं कशाला लिहू, तुमच्या त्या हक्कानंच मी घडलो. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. वखारीच्या मुकादमानं आईला सांगितलं, पोरगं आता हाताशी आलंय, घाल कामाला. तुम्ही युनिफॉर्मवरच वखारीत गेलात. खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटांचं मशीन. मुकादमाला म्हणालात, "ह्यो माझा हाय. लिलावात घेतलाय. इच्यार जा अख्ख्या मंडळीला." मुकादम हिंदू माणूस, त्याला काय लिलाव आणि काय मंडळी. तो घाबरलाच. मी शाळेत राहिलो. पुढं पी.यू.सी. करून बारावी झालो, पुढं पदवी. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजच्या पायरीला पाय लागलेला पहिला माणूस मी. हे मी छाती काढून सांगतो, आणि त्यात तुमचं नाव घ्यायला मला लाज वाटत नाही.

तरी एक दिवस मला त्या "माझा हाय"चा गळफास वाटायला लागला.

पी.यू.सी.च्या वर्षी आम्हा पोरांचा दृढीकरणाचा वर्ग होता. लहानपणी बाप्तिस्मा आईबापांनी दिलेला असतो. मोठं झाल्यावर मंडळीपुढं उभं राहून तो विश्वास आपण आपल्या तोंडानं स्वीकारायचा, मगच प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जायचं. सगळी उत्तरं मला पाठ होती. पांढरा शर्ट तुम्हीच घेतलेला. आम्ही ओळीनं उभे राहिलो, आणि पाळकसाहेबांनी एकेकाला विचारलं, तू हे स्वतःच्या मनानं स्वीकारतोस का? माझ्याआधीची पोरं व्हय म्हणाली. माझ्यापाशी आल्यावर मला ते "स्वतःच्या" अडलं. ज्याला सुपात असतानाच दुसऱ्यानं घेतलाय, त्याचं स्वतःचं काय असतं?

मी म्हणालो, "अजून नाही."

पाळकसाहेबांना वाटलं पोरगं विसरलं. त्यांनी हळूच उत्तर सांगितलं. मी परत म्हणालो, "उत्तर पाठ आहे, साहेब. पण अजून नाही." मागं आईचा श्वास मला ऐकू आला. तुम्ही पंचांच्या बाकावर होतात. मी तुमच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या कॉलेजला जायला नेमकी तुमचीच बस आली. तुम्ही माझ्यापाशी येऊन उभे राहिलात.

"तिकीट."

"पास हाय, आप्पा."

"दाखव."

रोज न बघितलेला पास तुम्ही उजेडात धरून बघितलात. "फोटो तुझाच न्हवं?"

"व्हय."

"सही?"

"माझीच."

"मग काल तितं कोण हुबा हुता?"

सगळी बस हसली. मला राग आला. मी म्हणालो, "काल तुमचा माल हुबा हुता. मालाला काय मन असतंय?"

तुमचा चेहरा पडला, आप्पा. तुम्ही पास परत दिलात आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेलात. यमकनमर्डीच्या मास्तरीणबाईंना तुम्ही त्या दिवशी सुट्टे परत द्यायला विसरलात, त्या आरडाओरडा करत होत्या.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. मंडळीत लोकांना वाटायचं पोरगं शिकलं आणि देवाला विसरलं. पाळकीणबाई माझ्यासाठी उपास करायच्या. तसं काही नव्हतं. देवाशी माझं बरं होतं. पदवी झाल्यावर बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत लागलो, क्वालिटीला. तिथं कास्टिंगवर बोट फिरवताना, एखादा दिवस वाईट गेला की बसस्टॉपवर उभ्या उभ्या, मी त्याच्याशी बोलायचो. भांडण तुमच्याशी होतं. मला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, की विनय, तो लिलाव सोडला. तू मोकळा.

तुम्ही म्हणायचात, "आधी तू व्हय म्हण. मग मी सोडतो."

मी म्हणायचो, "आधी तुम्ही सोडा. मग मी बघतो."

"मी सोडल्यावर तू न्हाई म्हणालास तर?"

"मग न्हाई. पर ते न्हाई माझं सोताचं आसंल."

"बघ आक्के, कसं बोलतंय! आणि शिकवा."

आक्का भाकरी थापत म्हणायची, "दोघं बी गप जेवा. एक सोडंना, एक धरंना."

अशी वर्षं गेली. मी रविवारी बेळगावहून यायचो, पहिली शिफ्ट असली तरी बदलून घ्यायचो. देवळात तिसऱ्या बाकावर बसायचो. प्रभुभोजनाच्या रविवारी लोकांना ओळीनं वेदीकडं पाठवायचं काम तुमचं, आणि तुम्ही रिटायर झालात तरी बस काही तुमच्यातून उतरली नव्हती. "पुढं सरका, पुढं सरका. मुंद होगरी, मुंद होगरी. जागा हाय." मराठीत एकदा, कन्नडमध्ये एकदा. एकदा पाळकीणबाईंना म्हणालात, "दारात हुबं राहू नका," आणि अख्खं देऊळ प्रभुभोजनाच्या वेळी खुसखुसलं. आमच्या बाकापाशी आलात की बाक रिकामा व्हायचा, मी एकटा राहायचो, आणि तुम्ही पुढच्या बाकाकडं जायचात.

गेल्या पावसाळ्यात तुम्हाला बेळगावच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी शिफ्ट संपवून रोज यायचो. शेवटच्या आठवड्यात तुमचा तो आवाज इतका खाली गेला होता की मला तुमच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. मी जिद्द सोडली नाही. तुम्हीही नाही.

मी म्हणालो, "आप्पा, आता तरी म्हणा की. सोडला म्हणून."

तुम्ही डोळे मिटूनच हसलात. "घाई कुणाला हाय रं? तुला का मला?"

"मला."

"मग तू म्हण."

नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. दारातून मी बघितलं तर तुम्ही तिला काहीतरी सांगत होतात आणि ती हसत होती. ते काय होतं तेही मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत फोन आला.

दफनाच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, विनय, चार शब्द बोल. मी खाली उतरून मातीला हात लावला आणि बाजूला झालो. लोकांनी ओळखलं, दुःख झालंय. आप्पा, दुःख होतं, पण त्याच्या वर राग होता. तुम्ही सोडलात का नाही? आणि आता मी करू काय? व्हय म्हणालो तर लोक म्हणणार, आप्पा गेल्यावर पोराला जाग आली. नाही म्हणालो तर ती मेलेल्या माणसाशी जिद्द. तुम्ही मला दोन्हीकडून अडकवून गेला होतात. झोप लागेना. कामावर एकदा चांगलं कास्टिंग रिजेक्टमध्ये टाकलं, आणि सुपरवायझर म्हणाला, "पाटील बरे न्हाईत काय?" मी पाटील नाही, पण त्याला सगळेच पाटील.

आईनंही तेच सुरू केलं. "आप्पासाठी तरी घे रं आता दृढीकरण. त्येंच्या जीवाला बरं वाटंल."

मी म्हणालो, "आई, आप्पासाठी घेणार नाही. त्यांच्यासाठीच घ्यायचं असतं तर ते असताना घेतलं असतं."

"मग कुणासाठी घेणार?"

मी चपला घालून बाहेर पडलो आणि वखारीच्या रस्त्यानं हायवेपर्यंत चालत गेलो. तिथं कारण नसताना उभा राहिलो, आणि परत आलो.

मग तुमच्यानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आला. तुमच्या जागी नवे पंच होते, विलासभाऊ. भला माणूस. त्यांनी हातानं खुणा करून एकेक बाक उठवला. आमचा बाक उठला, मी बसून राहिलो. विलासभाऊ थांबले. वाकून माझा दंड धरला आणि मायेनं म्हणाले, "चल की विनय. किती दिवस बसणार? चल पुढं."

माझ्या अंगावर काटा आला, आप्पा.

कारण तेव्हा मला कळलं की हे मला कधी कोणी म्हटलंच नव्हतं. तुम्ही पाळकीणबाईंना सोडलं नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोडलं नाही, पाहुण्या बिशपसाहेबांनासुद्धा पुढं सरकवलंत. आणि इतक्या वर्षांत माझ्या बाकापाशी येऊन एकदाही, एकदाही मला सरक म्हणाला नाहीत. तुमचा आवाज माझ्यापाशी यायचा, बंद व्हायचा, आणि मला ओलांडून परत सुरू व्हायचा. जेवताना, बसमध्ये, दवाखान्यात माझ्याशी भांडणारा माणूस त्या एका जागी माझ्यावर हात टाकत नव्हता. मी तुमच्या तोंडून शब्द ऐकायला बसलो होतो, आणि तुम्ही दर वेळी तोंड बंद करून तेच सांगत होतात, की तू मोकळा.

का सांगितलं नाहीत साध्या शब्दांत? का मला इतकं झुंजवलंत? हा राग माझा अजून आहे. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा अशी इच्छाही नाही. तुमच्याशी बोलायला काहीतरी राहिलं पाहिजे.

मी विलासभाऊंचा हात हळूच बाजूला केला. म्हणालो, "आज नाही भाऊ. आज तुमच्या ओढण्यानं आल्यासारखं होईल." ते बिचारे गोंधळले. उपासना झाल्यावर मी स्वतः पाळकसाहेबांकडं गेलो. हे नवे पाळकसाहेब तरुण आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपापासून दवाखान्यापर्यंत. हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे, हे दुःखातून येत नाहीये?"

मी म्हणालो, "साहेब, दुःख आहे, पण ते वेगळ्या खिशात आहे."

"मग इतकी वर्षं का थांबलात?"

"हे माझं आहे का त्यांचं, ते कळत नव्हतं."

"आणि आता?"

"आता ते नाहीत. तरी मला हवंय."

पुढचे काही आठवडे मी कामावरून सुटलो की त्यांच्याकडं बसलो. पाठ केलेली उत्तरं बाजूला ठेवून बोललो. त्यांना मी प्रश्न विचारले, काहींची उत्तरं त्यांच्याकडंही नव्हती. ते तसं सरळ म्हणाले, म्हणून मला ते आवडले. आईला मी दिवस सांगितला नाही. आक्कालाही नाही. नवीन शर्ट घेतला नाही. रोजचाच, कामावर जायचा, निळा.

गेल्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उठून पुढं गेलो. मागं कुजबुज झाली, आई अर्धवट उठून परत बसली. त्यांनी विचारलं, तू हे स्वतःच्या मनानं स्वीकारतोस का? माझा आवाज तुमच्या निम्मासुद्धा निघाला नाही. मी व्हय म्हणालो. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, आणि माझं दृढीकरण झालं.